सान प्रिस्कोच्या हातातलं फावडं

आमच्या चर्चच्या दाराशी संगमरवराची पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय की एकोणीसशे सहा सालच्या एप्रिलात, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, आमच्या गावचा संत सान प्रिस्को आपल्या लेकरांना वाचवण्यासाठी स्वतःच्या पायांनी उठून बाहेर चालत गेला. अक्षरं सोनेरी आहेत. मजकूर धादांत खोटा आहे. सान प्रिस्कोला पायच नाहीत. त्याचे कपडे मी बदलते, तेव्हा मला माहीत नसेल तर कुणाला? डोकं आणि हात तेवढे कोरीव, रंगवलेले. भरजरी झग्याखाली लाकडाच्या चार पट्ट्या, कोंबड्यांच्या खुराड्याला असतात तशा.

मी रेस्तितूता. नवरा गेल्यापासून कासाल्नेरो गावची पावभट्टी मी चालवते. डोंगर आमच्या उशाशी आहे. बाहेरचे लोक त्याला व्हेसुव्हियस म्हणतात, आम्ही नुसतं 'तो' म्हणतो, सासऱ्याचं नाव घेऊ नये तसं.

एर्सिलिया मोंदिनो माझ्याकडे आली ती त्या आधीच्या हिवाळ्यात. उत्तरेतल्या तोरिनोची पोरगी, विद्यापीठाची पदवी घेतलेली, काडीसारखी, डोळ्यांवर जाड चष्मा. नेपल्सच्या वेधशाळेतल्या साहेबांनी तिला डोंगराची नाडी बघायला आमच्या गावात धाडलं होतं. भट्टीवरची खोली तिनं भाड्यानं घेतली. सोबत पितळी यंत्रांच्या पेट्या, पण पातेलं एकही नाही. स्वयंपाकाच्या नावानं शून्य. उत्तरेकडचे लोक मक्याच्या पिठाचा गोळा खाऊन मोठे होतात, त्यांना काय कळणार म्हणून मी तिला रोज खाली जेवायला हाक मारायची.

गावानं तिला पहिल्याच दिवशी निकालात काढलं. आमच्याकडे दृष्ट लावणारा माणूस कसा ओळखायचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बारीक चण, फिकट चेहरा आणि डोळ्यांवर चष्मा. ती रस्त्यानं निघाली की पुरुषांचे हात खिशात जायचे, लोखंडाची किल्ली चाचपायला. बाया पदराआड बोटांची शिंगं करायच्या. माझा दीर आन्येल्लो तर उघडउघड करायचा. तो गाडीवान, आणि वर सान प्रिस्कोच्या बंधुमंडळाचा म्होरक्या.

"वहिनी, त्या चष्मेवालीला हाकला," तो म्हणायचा. "कालच तिनं माझ्या खेचराकडं पाहिलं आणि आज ते लंगडतंय."

"भावोजी, तुमच्या खेचराकडं तुम्ही रोज बघता. त्याला आणखी कुणाची दृष्ट लागायची राहिली आहे?"

वर्षातून एकदा आठ पुरुष सान प्रिस्कोची पालखी खांद्यावर घेतात. बायकांनी दांड्याला हात लावायचा नाही. आम्ही त्याचे कपडे धुवायचे, इस्त्री करायची, त्याला नेसवायचं, आणि मग रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं. आन्येल्लोचं मंडळ चौकाचौकात थांबून कण्हतं, घाम पुसतं, दारू पितं. काय ते वजन, म्हणे! अहो, वजन त्या ओकच्या पालखीचं आणि तिच्यावर ठोकलेल्या चांदीचं. संताला तर मी एका हातानं बाजूला ठेवून खालची धूळ झाडते. पण हे गुपित आम्ही बाया कधी बोललो नव्हतो. पुरुषांच्या हौसेत कशाला मोडता घाला.

एप्रिल उजाडला आणि डोंगर बिघडला. लाव्हाचा रस गेला डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. आमच्यावर आली राख. आधी पिठासारखी बारीक, मग वाटाण्याएवढे खडे. एर्सिलियानं छपरावर एक पत्र्याची परात ठेवली होती. ती भरली की खाली आणायची आणि माझ्या पावाच्या तराजूवर राख तोलायची.

"पोरी, माझ्या तराजूला राख लावू नकोस. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"दोन्ना रेस्तितूता, याच तराजूनं गाव वाचेल," ती म्हणाली.

मी हसले. राखेला कसलं आलंय वजन? भट्टीतून रोज घमेलंभर काढते मी. फुंकर मारली की उडते.

ती चिडली. चिडली की तिचे कान लाल व्हायचे. "आपल्याच देशात, फ्लोरेन्समध्ये, अडीचशे वर्षांमागं एका माणसानं काचेच्या नळीत पारा भरला आणि हवेचं वजन मोजलं. हवेचं! तोरिचेल्ली त्याचं नाव. आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो असं तो म्हणाला, तेव्हा लोक हसलेच होते. आणि तुम्हाला राखेचं पटत नाही?"

"अगं, हवेला वजन असतं तर मी कधीच चिरडून गेले असते."

"हवा सगळीकडून दाबते म्हणून तुम्ही उभ्या आहात. राख छपराला फक्त वरून दाबते."

मग तिनं माझं दुधाचं भांडं घेतलं, राखेनं काठोकाठ भरलं, तोललं. त्यात पाणी ओतलं. राखेनं ते सगळं पिऊन टाकलं. भांडं तेवढंच भरलेलं, पण तराजूचं पारडं असं काही खाली आदळलं की माझी वजनं घरंगळली. माझं हसू तिथंच थांबलं. मी लगेच फावडं घेऊन भट्टीच्या छपरावर चढले. त्या दिवसापासून ते झाडत राहिले. लोक खालून बघायचे आणि म्हणायचे, रेस्तितूताला त्या चष्मेवालीनं येडं केलं.

शनिवारी साहेबांची तार आली की यंत्रं गुंडाळून ताबडतोब नेपल्सला निघा. आन्येल्लो गाडी जोडून दारात उभा राहिला, तिला फुकट सोडायला. एवढी घाई त्याला आयुष्यात कुठल्या चांगल्या कामाची झाली नव्हती.

एर्सिलियानं तार वाचली आणि तिची घडी करून तराजूच्या हलणाऱ्या पायाखाली सारली. "साहेबांना सांगा, राख अजून पडतेय," ती आन्येल्लोला म्हणाली. "मी मोजतेय."

"नोकरी जाईल तुझी," मी म्हटलं.

"जाऊ दे. यंत्रं त्यांची आहेत, डोळे माझे आहेत."

तेव्हा मला ती पहिल्यांदा आवडली. म्हणजे जीव आधीच लागला होता, पण तेव्हा अभिमान वाटला.

रविवारी उजाडलंच नाही. सकाळ झाली हे फक्त कोंबड्याला कळलं, आणि तोही अर्ध्यात गप्प बसला. दिवसाढवळ्या मिट्ट काळोख. खडे पडताहेत, कौलं फुटताहेत, लोक डोक्यावर पातेली नि खुर्च्या घेऊन पळताहेत. अशात चर्चची घंटा वाजली. पाद्रीबाबा डोन चेलेस्तिनोंनी अख्ख्या गावाला आत बोलावलं. सान प्रिस्कोला कोनाड्यातून उतरवून पालखीवर उभं केलं होतं. आमची रीतच ती. डोंगर पेटला की संत खाली आणायचा आणि त्याच्या पायाशी बसायचं. माझी आईही बसली होती, तिची आईही. आणि त्या दिवशी माझी मुलगी मिकेलिना बसली होती, मांडीवर तान्हं बाळ घेऊन.

मी भट्टीचं छप्पर झाडत होते. एर्सिलिया शिडीवरून ओरडली, "पाऊस! चिखल पडतोय!" खरंच, राखेतून पाण्याचे गढूळ थेंब येत होते. तिनं चर्चकडं पाहिलं. आमचं जुनं चर्च म्हणजे धान्याच्या कोठारासारखं, रुंद, सपाट छताचं, मधे एक खांब नाही. त्यावर मांडीइतका राखेचा थर साचला होता. आणि आता तो भिजत होता.

"किती वेळ?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खरंच माहीत नाही. तुळया किती जुन्या आहेत?"

त्या तुळया माझ्या आजोबांच्या लहानपणीही वाळवीनं खाल्लेल्या होत्या. मी हातातलं फावडं तसंच घेऊन धावले, ते पायरीवर टाकलं आणि आम्ही दोघी चर्चमध्ये शिरलो.

आत मेणबत्त्या, घाम, रडणं, सणाच्या ऑलिव्हच्या डहाळ्या. एर्सिलिया मधल्या वाटेनं पुढं गेली आणि मोठ्यानं बोलली. उत्तरेकडच्या त्या बोलीत, शब्द चावून चावून. छप्पर पडेल, बाहेर चला, द्राक्षमळ्यात उघड्यावर डोक्यावर फळ्या धरून बसा, खड्यांनी खोक पडेल पण मरणार नाही. मग शंभर हात वर झाले आणि प्रत्येक हाताला शिंगं.

"अवदसा! हिनंच डोंगराला नजर लावली!"

"चष्मा काढ आधी!"

डोन चेलेस्तिनो वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. "मुली," ते म्हणाले, "देव तारी त्याला कोण मारी? हे देवाचं घर आहे."

"घर देवाचं असेल, तुळया सुताराच्या आहेत," एर्सिलिया म्हणाली.

वरून बारीक भुसा गळत होता. मेणबत्तीच्या उजेडात मला दिसत होता. मी मिकेलिनाचा दंड धरला. "ऊठ. बाळाला घे आणि चल."

"आई, इथं सान प्रिस्को आहे. बाहेर कोण आहे?"

"बाहेर मी आहे!"

"तू काय संत आहेस?" तिनं हात सोडवून घेतला आणि बाळाला पदराखाली घट्ट दाबलं.

हिला ओढत नेली असती, पण बाकीच्यांनी तिला माझ्या हातून सोडवून परत बसवलं असतं. पालथ्या घड्यावर पाणी. मी वर पाहिलं. तो हळदीसारखा पिवळा चेहरा, ते काचेचे डोळे, हातात चांदीची काठी. आणि मला असा राग आला, असा राग आला! आमच्याकडं म्हाताऱ्या बायांना संताला शिव्या द्यायचा हक्क आहे, चमत्काराला उशीर झाला की त्या देतात. मी तेव्हा म्हातारी नव्हते, पण हक्क घेतला.

"अरे पिवळ्या तोंडाच्या!" मी किंचाळले. "आयतखाऊ! तुझे झगे धुवून माझे हात सोलले आणि तू माझी लेक धरून बसलास? तू इथं आहेस म्हणून ती इथं आहे. मग तूच चल की बाहेर!"

ते तोंडातून निघालं आणि मला कळलं की मी काय बोलले. एर्सिलियालाही कळलं. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. मी पालखीवर चढले. संताच्या कमरेमागं लाकडी खुंटी असते, ती कुठं असते हे नेसवणाऱ्यांनाच ठाऊक. ती उपटली. मी त्याला बगलेखाली धरलं, एर्सिलियानं झग्याचा घोळ गोळा करून खालच्या पट्ट्या उचलल्या, आणि आम्ही निघालो.

आधी कुणाला खरंच वाटेना. जो संत उचलायला आठ पुरुष कण्हतात, तो दोन बायका उशीसारखा घेऊन चालल्यात! आन्येल्लोचा जबडा खाली तो खालीच. पुरुष धावले, पण हात लावायला धजेनात. ओढाताणीत संताचं मुंडकं निघालं तर ते पाप कुणाच्या माथी? चांदीची काठी दाराच्या चौकटीला अडकली आणि कुठंतरी पडली. मी थांबले नाही.

मग एकच गलका झाला. "चोर! धरा! सान प्रिस्को नेला!" आणि अख्खं गाव आमच्या मागं चिखलात उतरलं. म्हातारे, पांगळे, पोरं, शिव्या देत, दगड फेकत. मी उलटी चालत होते, माझं तोंड चर्चच्या दाराकडं. माणसं लोंढ्यासारखी बाहेर येत होती आणि मी त्यांत एकच चेहरा शोधत होते. सगळे दिसत होते, तीच दिसत नव्हती. मग दिसली. बाळ छातीशी, केस सुटलेले, मला अशा शिव्या देत होती की मी तिला तसं कधी शिकवलं नव्हतं. पोटच्या पोरीच्या शिव्या ऐकून कुणाला इतका आनंद झाला नसेल. मी रडत होते आणि चालत होते.

डोन चेलेस्तिनो आले. सगळ्यांत शेवटी आन्येल्लो, कारण पालखीवरची चांदी कुणी नेऊ नये म्हणून तो राखण करत बसला होता. तो उंबऱ्यावर आला आणि मागं छप्पर बसलं. मोठा आवाज झाला नाही. ढेकर दिल्यासारखा झाला. भिंती उभ्या राहिल्या आणि मधे काहीच उरलं नाही. एका तुळईनं आन्येल्लोचा पाय धरला. चौघांनी त्याला ओढून काढला.

आम्ही द्राक्षमळ्यात पोचलो. मग डोन चेलेस्तिनो चिखलात गुडघ्यावर आले. "चमत्कार!" ते म्हणाले. "सान प्रिस्को स्वतः चालत बाहेर आला!" आणि सगळं गाव गुडघ्यावर.

मी तिथंच उभी होते. झग्याचा चिखल माझ्या अंगावर, खांद्याला कुणाच्यातरी दगडाची खोक. स्वतः चालत आला म्हणे! कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असती तरी एवढ्या लवकर श्रेय कुणी पळवलं नसतं.

एर्सिलिया मात्र श्रेयाच्या भानगडीत नव्हती. तिच्या चष्म्याची एक काच फुटली होती. ती प्रत्येकाला हलवत होती. "उठा, घरांची छपरं तशीच भरलेली आहेत. आत जायच्या आधी झाडा. प्रार्थना नंतर करा!" कुणी ढुंकून बघेना. "संत सांभाळेल," ते म्हणत होते, आणि अंधारात जो तो आपापल्या घराकडं निघायच्या बेतात होता.

माझं फावडं चर्चच्या पायरीवर पडलेलं होतं. तेच, भट्टीतली राख ओढायचं. मी ते आणलं आणि सान प्रिस्कोच्या रिकाम्या मुठीत घातलं. मूठ काठीसाठी कोरलेली, दांडा चपखल बसला. मी त्याला गावाकडं तोंड करून मळ्यातल्या गाडीवर उभा केला.

"चालत आला ना?" मी ओरडले. "मग आता बघा तो काय मागतोय. का एवढ्या लांब आलेल्या म्हाताऱ्यालाच छपरावर चढवताय?"

मग मिकेलिनानं बाळ माझ्याकडं दिलं आणि शेजाऱ्याच्या अंगणातलं फावडं उचललं. तिच्या मागून दुसरी बाई. मग पुरुषांना लाज वाटली. थोड्या वेळानं काळोखात सगळीकडून खरखर ऐकू यायला लागली, सगळं गाव छपरावर. कासाल्नेरोत त्या दिवशी एक घर बसलं नाही. शेजारच्या गावांचं मी बोलत नाही.

पुढचं लोक विसरतात, म्हणून मी सांगते. नेपल्सच्या साहेबांनी डोंगरावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात एर्सिलियाच्या परातीचे आकडे आहेत, एर्सिलिया नाही. हुकूम मोडला म्हणून तिला काढून टाकलं आणि ती कुठंतरी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली. डोन चेलेस्तिनोंनी वर्गणीतून नवं चर्च बांधलं, ही पाटी लावली. मी पाटीवर तिचं नाव घाला म्हणून सांगायला गेले. ते म्हणाले, देवाच्या दारात नास्तिकाचं नाव कसं चालेल? मी म्हटलं, मग नास्तिकानं वाचवलेली माणसं तरी आत कशी चालतात? त्यांनी पुढल्या उत्सवापर्यंत माझ्या भट्टीचे पाव घेणं बंद केलं. मी त्यांना राखेचे पाठवले.

नव्या चर्चच्या उद्घाटनाला बिशपांचा माणूस आला, जांभळ्या कमरपट्ट्याचा, गुळगुळीत हातांचा. त्यानं मखमली पेटीत नवी चांदीची काठी आणली होती. एर्सिलियाला मी बोलावून घेतलं होतं. ती आपली रस्त्याच्या कडेला, बायांमध्ये, त्याच फुटक्या चष्म्याला नवी काच लावून उभी.

"ते अवजार काढा," बिशपांचा माणूस संताच्या मुठीतल्या फावड्याकडं बोट करून म्हणाला. "संत म्हणजे काय गवंडी आहे?"

कुणी हललं नाही. त्यानं स्वतःच हात पुढं केला, तसा आन्येल्लो लंगडत मधे आला.

"महाराज, हात लावू नका."

"कुणाचा हुकूम?"

"त्याचाच. चालत आला तेव्हा तेच घेऊन उभा होता. सगळ्या गावानं पाहिलंय. पाटीवरसुद्धा आहे, चमत्कार म्हणून." आन्येल्लोनं डोन चेलेस्तिनोंकडं पाहिलं. "का पाटी खोटी आहे, पाद्रीबाबा?"

डोन चेलेस्तिनो खोकले आणि म्हणाले, "फावडं राहू द्या."

पालखी उचलायची वेळ झाली. आन्येल्लोची पुढची जागा, उजव्या दांड्याची. मोडलेल्या पायानं त्याला ती झेपेना. सगळ्यांना वाटलं तो आपल्या पोराला बोलावेल. तो रस्त्याच्या कडेला गेला आणि एर्सिलियासमोर उभा राहिला. हात खिशात नव्हता.

"चल, खांदा दे."

ती दचकली. "मी? मी याला मानत नाही, आन्येल्लो."

"तो तरी कुठं तुला मानत होता? उचलून नेलंसच ना? चल."

"हे काय चाललंय?" बिशपांचा माणूस ओरडला. "बाईमाणूस पालखीला?"

"दोन," मी म्हटलं आणि डाव्या दांड्याच्या माणसाला कोपरानं बाजूला सारून खाली शिरले.

आम्ही उचललं. पालखी खरंच जड होती, एवढं मी पुरुषांना कबूल करते. चौकात आलो तेव्हा मी एर्सिलियाकडं पाहिलं. तिचे कान लाल झाले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"दोन्ना रेस्तितूता," ती धापा टाकत कुजबुजली, "सगळं वजन खालीच आहे. वरचा तर काहीच नाही."

"गप्प बस आणि कण्ह," मी म्हटलं. "आता दारू आपल्यालाही मिळायची आहे."

आम्ही कण्हलो. माणसं दुतर्फा उभी होती, खिशाबाहेर हात काढून, आणि छपराछपरावर बाया झाडू मारत होत्या, राख नसतानासुद्धा. बिशपांचा माणूस मागं मखमली पेटी धरून उभा होता. ती पेटी अजून त्याच्याकडंच आहे.